पक्की शिलाई

पँट शिवून झाली की ती शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे रोवून ती जोरात ताणायची. मग माझ्या टेबलावर टाकत म्हणायची, "घ्या मावशी. कापड फाटन, शिलाई नाई उसवन."

नांदगाव पेठेच्या त्या कंपनीत मी मालाच्या तपासणीला होते. टाका सुटला, धागा लोंबला की पँट परत. माझ्या तोंडाला सगळी लाइन घाबरायची, ही एक सोडून. तिचा माल परत केला की ती मशीन सोडून भांडायला यायची. चूक खरंच सापडली तर हसून म्हणायची, "एवढं बारीक तुमाले दिसते मावशी, अन् सकाळची बस नाई दिसत." अमरावतीहून निघणारी कंपनीची बस मी नेहमी धावत पकडायचे, आणि ड्रायव्हरशी हुज्जत घालत ती थांबवून धरायची ही. आता अशा बाईवर किती वेळ रागावणार?

आमच्याच मागच्या गल्लीत राहायची. नवरा मालवाहू ऑटोने बाजारात भाजीपाला पोचवायचा. माहेरी आई उरली नव्हती, सासूला धड दिसत नव्हतं. पहिली मुलगी सिझरने झाली आणि हिचे टाके पिकले. त्या दिवसांबद्दल ती एकदाच बोलली, डबा खाता खाता. "पोरगी पाळण्यात रडे मावशी, अन् मले वाकता नाई ये. शेजारची येऊन मांडीवर देये तवा पाजो. तोवर नुसती पाहो." एवढं बोलून तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो खाल्लाच नाही.

म्हणून दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "यावेळी नारमल." जेवणाच्या सुट्टीत मग दुसरा विषयच नाही. एक म्हणे, एकदा सिझर म्हणजे पुढेही सिझरच. दुसरीच्या जावेचं नीट झालेलं. शेवटी मीच तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. जुने कागद शांतपणे वाचले, तिला तपासलं आणि म्हणाल्या, "होऊ शकतं. पुष्कळ जणींचं होतं. पण इथं, आमच्या नजरेसमोर. पहिली कळ आली की निघायचं, घरी वाट बघायची नाही. पिशवीवरचा जुना छेद कळांच्या जोराने आतून उघडू शकतो." तिने शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

बाहेर पायऱ्यांवर आलो आणि ती हसायला लागली. "डॉक्टरीनबाईनं कधी मशीन नाई चालवली, मावशी. शिवलं तिथं कापड दुपदरी होते. फाटलंच तं बाजूनं फाटन, शिवणीवर नाई."

"तू कापड नाईस व," मी म्हटलं.

"कापडापेक्षा पक्की हाय."

तुम्ही म्हणाल, किती अडाणी. पण जन्मभर ज्यांनी शिवणी ताणून बघितल्या त्या बायकांना ते पटण्यासारखंच होतं. आमच्या लाइनीवर कुणाला विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं.

महिने भरत आले. तिने रजा घेतली. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी वांग्याची भाजी घेऊन तिच्या घरी गेले, तर ती पायमशीनवर दुपटं शिवत बसलेली. थोडं शिवलं की पाय थांबायचा, हात मशीनची कड धरायचा. पुन्हा पाय सुरू. मी दोनदा बघितलं.

"कळा येऊन राहिल्या न तुले?"

"पाठ भरली जराशी."

ओठांवर घाम जमलेला. मी भांडं आपटलं. "खरं सांग. कवापासून?"

"पहाटेपासून. ओरडू नका मावशी. मागच्या खेपेले लवकर गेली अन् म्हणूनच कापलं मले. आता चांगला जोर आला का जातो."

मी तिला नाही नाही ते बोलले. नवरा भाजी भरायला गेलेला, त्याला फोन केला. पोरीला शेजारी ठेवलं, रिक्षा आणली. रस्त्यात ती एकदाच मोठ्याने ओरडली, दुमडून माझ्या मांडीवर पडली, आणि मग एकदम शांत झाली.

"थांबल्या," ती म्हणाली. चेहरा पांढरा पडलेला, पण हसत होती. "पाहा, थांबल्या कळा. उगाच घाई केली तुमी."

मलाही हायसं वाटलं. असं थांबणं काय असतं, हे आम्हा दोघींना कुठे ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला आणि त्या अक्षरशः धावल्या. पिशवी जुन्या छेदावरच फाटली होती. मुलगा बाहेर काढण्याआधीच गेलेला. हिला वाचवायला पिशवी काढून टाकावी लागली. नंतर बाई बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "इथं असती तर लगेच कळलं असतं हो आम्हाला."

ती वाचली. नशीब म्हणायचं, असं सगळे म्हणाले. कंपनीत मात्र ती पुन्हा आली नाही. नवरा तिला आणि पोरीला घेऊन चांदूर बाजारकडे भावाच्या गावी गेला. फोन लागत नाही. तिच्या मशीनवर आता एक नवी मुलगी आहे, हात साफ आहे तिचा. मला तिला परत पाठवायला काही सापडत नाही आणि शोधावंसंही वाटत नाही. हिचा मला अजून राग येतो.

मला ती शेवटची दिसते ती वॉर्डात. दूध आलं होतं तिला, ब्लाउज भिजून गेलेला. शेजारच्या खाटेवर सिझरची बाई गुंगीत पडलेली आणि तिचं बाळ आजीच्या मांडीवर भुकेने किंचाळत होतं. ही बराच वेळ ऐकत राहिली. मग मला जवळ ओढून हळूच म्हणाली, "मावशी, विचारा न त्या मायले. मले लय सुटून राहिलं. पाजू का?"

मी विचारलं. म्हातारीने माझ्याकडे बघितलंच नाही. ती हिच्याकडे बघत होती. "नको बाई," ती म्हणाली, "तिचं गेलं न." बाळावर पदर ओढून ती आमच्याकडे पाठ करून बसली.

ब्लाउजचे हुक हिने आधीच काढून ठेवले होते. ते ती एकेक करून लावत गेली. बाळ रडतच होतं.