आबांचा स्टार्टर

कराडजवळच्या मलकापुरात आमच्या आबांना जिथं ठेवलंय, तिथं मी दर रविवारी जातो. जाताना केळी नेतो आणि येताना किस्सा घेऊन येतो. सोमवारी दुकानात चहा आला की मित्र आधी विचारतात, "काल काय झालं रं?" आता इतके साठलेत की एखाद-दुसरा सांगून भागत नाही.

आबा म्हणजे माझे वडील, कडेगावकडचे ऊसवाले. त्यांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली, आणि डोक्यातल्या आठवणीही इकडच्या तिकडं झाल्या. माझं कराडात मोटर रिवायंडिंगचं दुकान, बायको अंगणवाडीत. आबांना उचलून उचलून तिची कंबर धरली, तरी ते बाथरूममध्ये पडलेच. म्हणून संगीताताईंकडं आणलं. ताई पूर्वी नर्स होत्या, आता अंथरुणाला लागलेल्या माणसांचं हे घर चालवतात.

गावात कुजबुज झाली, "पोरानं बापाला टाकलं." ते मला लय लागलं. त्यात आबा दर रविवारी एकच विचारायचे, "घरी कवा जायाचं?"

* * *

पहिल्या दिवशी मी रिपोर्टांची पिशवी पुढं केली. ताईंनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "आंगूळीला पयला तांब्या कुठं घेत्यात? डोक्यावर का पायावर?"

मला माहीत नव्हतं. बायकोला फोन केला, तर तिनं मलाच विचारलं, "का बरं?" शेवटी ताईंनी आबांनाच विचारलं.

"पायावर," आबा म्हणाले. "एकदम डोस्क्यावर वतलं तर बैल बी बिथारतो."

ताई म्हणाल्या, "बास. आता जमंल."

* * *

आबांच्या शेजारच्या खोलीत नानी असतात. आष्ट्याच्या कासारीण. दृष्टी गेलीय, पण जन्मभर बायकांना बांगड्या भरल्या, त्यामुळं माणूस मनगटावरून ओळखतात.

आबांच्या डाव्या हाताची मूठ वळून बसली होती. फिजिओथेरपीचे डॉक्टर ती उघडायला आले की आबा उजव्या हातानं त्यांना ढकलायचे. एक दिवस नानीच खुर्ची सरकवून बसल्या आणि हात हातात घेतला.

"आवं आबा, सैल सोडा की. चुडा भरताना नवरी बी एवढा हात आवळत न्हाई."

सगळे हसले, आबाही हसले, आणि हसता हसता मूठ सुटली. डॉक्टर म्हणाले, "नानी, हे रोज करा." तेव्हापासून रोज चहानंतर चुडा भरायचा कार्यक्रम असतो.

* * *

एकदा गावाकडनं आमचे तात्या, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, तणतणत आले. "सोताच्या पोराच्या घरात जागा न्हाई व्हय? मी न्हेतो माझ्या भावाला!"

ताई म्हणाल्या, "न्या की. आधी जेवा." जेवण झालं. मग सुभेदारांबरोबर पत्त्यांचा डाव बसला. सुभेदार मिलिटरीतनं रिटायर झालेले, एक पाय नाही, चाकाच्या खुर्चीतनं सगळ्या घरावर पहारा. डाव रंगला, चहा झाला, आबांची दाढी झालेली तात्यांनी डोळ्यांनी बघितली.

निघताना तात्यांनी ताईंना बाजूला घेतलं. मला वाटलं, आता भांडण. तात्या हळूच म्हणाले, "हितं आधी नंबर लावून ठिवाय लागतुया का?"

* * *

आता मुख्य भानगड. आमच्याकडं शेतीची लाईट ठरलेल्या वेळेला येते. ती आली की हातातला घास टाकून विहिरीवर पळायचं, स्टार्टरचं बटण दाबून मोटर चालू करायची आणि दारं धरायची, म्हणजे उसाच्या एकेका सरीत पाणी वळवायचं. आबांनी जन्मभर हेच केलं. मलकापुरातही लाईट जाऊन आली, पंखा फिरायला लागला, की आबा अर्ध्या अंगानं उठायला बघायचे. "लाईट आली, मोटर!" एकदा तर खाटेवरनं खाली आले. नशीब, हाड मोडलं नाही.

कुणीही म्हटलं असतं, खाटेला बांधा. ताईंनी मला फोन केला. "तुमच्या दुकानात मोडका स्टार्टर असंल की एखादा?"

मी हिरवं-लाल बटण असलेला जुना डबा नेला आणि आबांच्या उजव्या हाताशी भिंतीवर ठोकला. लाईट आली की आबा हिरवं बटण दाबायचे, कान देऊन ऐकायचे, आणि समाधानानं टेकायचे. संध्याकाळी लाल. पुन्हा म्हणून पडले नाहीत.

सुभेदारांना मात्र हे पटेना. खोटं त्यांना खपत नाही. खुर्ची भिंतीपर्यंत नेऊन ते म्हणाले, "आबा, हेला वायरच न्हाई."

आबा म्हणाले, "जमिनीखालनं टाकलीया. तुमी मिलिटरीत हुता, तुमाला शेतीतलं काय कळतंय?"

त्या दिवशी घरी येताना गाडीवर मी एकटाच हसत होतो, आणि डोळेही भरून येत होते. घरी ठेवलं म्हणजे सांभाळलं आणि बाहेर ठेवलं म्हणजे टाकलं, हा हिशोब मला आता पटत नाही. बापाला सांभाळायला जेवढी माणसं लागतात, तेवढी माझ्या घरात नाहीत. ती तिथं आहेत. त्यांचे उपकार मी कुठं फेडू?

* * *

तरी "घरी कवा जायाचं?" काही सुटलं नव्हतं. म्हणून यंदा जत्रेला आबांना गाडीत घालून गावी नेलं. मनात धरलं होतं की रमले तर ठेवू, पुढचं पुढं बघू. पुरणपोळी झाली, भावकी भेटून गेली. दुपारी लाईट आली. आबा खाटेवरनं हातानं भिंत चाचपायला लागले. "मोटर!"

गावात शेती बघणारा माझा चुलतभाऊ म्हणाला, "आबा, झाली चालू. आता मोबाईलवरनं हुती. कुणी जायाचं कारण न्हाई."

आबांनी पंख्याकडं बघितलं. मग माझा हात धरून म्हणाले, "मग मला हितं कशाला आणलंस? तिकडं लाईट आली असंल. ऊस वाळंल की गड्या."

मुक्काम ठरला होता, पण ऐकेनात. दिवस मावळायच्या आत मलकापुरात आलो. सुभेदार खुर्ची घेऊन दारातच होते. आबांना बघून त्यांनी कडक सलाम ठोकला.

"आबा, दुपारी लाईट आलती. मी स्टार्टर दाबलाय."

मी ताईंकडं बघितलं. त्या पदरानं तोंड पुसत होत्या.

आबांनी विचारलं, "किती सऱ्या भिजल्या?"

सुभेदार जरा अडखळले. "पाच."

"दुपारधरनं पाचच? दारं कोण धरत हुतं?"

सुभेदार ताईंकडं बघायला लागले. आतनं नानींचा आवाज आला, "मी धरत हुते आबा. आंधळ्या माणसाला येळ लागायचाच की."