लहान बाक

बाक दुसरीतल्या मुलांच्या मापाचा होता. रविवारी त्या शाळेत मोठ्यांच्या प्रवेशाचं काम चालतं. माझी बायको सुमन त्यावर तिरकी बसली होती. गुडघे आत मावेनात, म्हणून पाय बाहेर काढून. दहावी होताच तिचं लग्न झालं. आता तिला पुन्हा शिकायचंय.

टेबलामागच्या मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी, नाहीतर मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बी.ए. “पूर्वतयारी सोपी आहे, पण सगळीकडे ती बारावी म्हणून धरत नाहीत.”

“पूर्वतयारीच द्या,” मी म्हणालो. “घर सांभाळून हिला तेवढंच झेपेल.”

“दादा, शिकायचंय कुणाला?” मॅडमनी विचारलं.

सुमन हसली. “मला भूक लागलीय की नाही, तेसुद्धा हेच सांगतात, मॅडम.”

मागे प्रवेशासाठी थांबलेल्या बायका खळखळून हसल्या. मीही हसलो, पण तोंड कडू झालं. बोललो होतो तिच्या कष्टांबद्दल; मनात मात्र तिच्या पेपरच्या दिवशी माझा डबा कोण करणार, एवढंच होतं. काळजीच्या नावाखाली आपण माणसाला केवढीशी जागा देतो, आणि ती त्याला पुरते, हेही आपणच ठरवून टाकतो.

“सतरा नंबर,” सुमन म्हणाली. “नापास झाले तर पुन्हा बसेन.”

मी खिशातलं पेन पुढे केलं. तिने स्वतःचं आणलं होतं. त्या बाकावर, तशीच तिरकी बसून, ती लिहू लागली.