नम्रताने निवडलेलं लिनक्स

नम्रता म्हात्रे पेणहून रोह्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला जाई, पण आगगाडीत बसली की ती जणू वेगळ्याच गावाला निघालेली असे. साल अठ्ठ्याण्णव. एका कंपनीने वापरून झालेले कॉम्प्युटर कॉलेजला दिले होते. त्यांच्या हार्ड डिस्क इतक्या लहान, की तिने मुंबईहून आणलेलं लिनक्स, कॉम्प्युटर चालवणारी ती फुकटातली प्रणाली, त्यांवर मावेना. मग तिने ठरवलं, विज्ञानाच्या पोरांपुरतं आपणच निवडून लिनक्स बांधायचं आणि त्याची सीडी करायची.

कासूची भातशेतं मागे पडत, आणि डोळ्यांपुढे पॅकेजं, लिनक्सचे सुटे सुटे प्रोग्रॅम, तरंगत येत. शास्त्रातली गणितं करायला फोरट्रान भाषेचा कंपायलर हवाच. आलेख काढणारं हवं. खेळ नकोत. एखादं काढावं, तर त्याच्या आधाराने उभी असलेली चार कोसळत.

घरी आई, सीताबाई, तिच्याकडे बघत राही. "काय गो, घास हातात नि जीव कुठं?"

"सामान भरतेय, आये. जागा थोडी हाय. काय ठेवू, काय टाकू?"

"मंग दोन फेऱ्या कर नं."

नम्रता खळखळून हसली. "याला दुसरी फेरी नसते गो."

जीव अडकला होता तो आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या पॅकेजात. ऐन श्रावणात, बाहेर ढग दाटलेले असताना, पडद्यावर पेणचं ताऱ्यांनी भरलेलं आकाश हळूहळू फिरे. पण त्याला चित्रं दाखवणाऱ्या रंगीत खिडक्या लागत, आणि त्या खिडक्या निम्मी डिस्क खात. पोरांना स्वतःचं काही लिहून ठेवायला जागाच उरेना. ती बराच वेळ त्या आकाशाकडे बघत बसली. मग खिडक्यांसकट ते काढून टाकलं.

"काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं?" शेजारच्या प्रयोगशाळेतले प्रविणसर म्हणाले. "पोरं पळतील, मॅडम."

बरीच पळाली. निडीजवळच्या नदीकाठच्या वाडीतली करिश्मा मात्र टिकली. एक दिवस तिने विचारलं, "मॅडम, आमच्या नदीची भरती यात बसंल का?"

नम्रताने फळ्यावर चंद्राची एक लाट मांडली, सूर्याची एक, आणि दोन्हींची बेरीज. करिश्माचा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा अडला. पण एका दुपारी पडद्यावर ओळीमागून ओळ, फुल्या खाली उतरू लागल्या. भरतीला उजवीकडे जात, ओहोटीला डावीकडे परतत. अमावास्येला फुगत, अष्टमीला आखडत. चहाला बोलवायला आलेले प्रविणसर दारातच थबकले.

"हे थांबतं कधी?"

"थांबत नाय, सर," करिश्मा म्हणाली.

पुढे ती सीडी पेणच्या कॉलेजातही गेली. पण त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत नम्रताला गाढ झोप लागली, आणि जाग आली तेव्हा पेण मागे पडलं होतं. पुढच्या स्टेशनावर, हमरापूरला, उतरून ती जोहे गावाच्या वाटेने निघाली. मूर्तींच्या कारखान्यांच्या पडव्यांत न रंगवलेले पांढरे गणपती रांगेने उभे होते. पेणला जाणारी एसटी आली, तिने हात केला नाही. आणखी थोडं चालावंसं वाटत होतं.