पेपर संपेपर्यंत बाल्कनीत

मी बोलकी बाई. आमच्या मिरजेकडे शेजारणी म्हणायच्या, हिला भिंत दिली तरी ही बोलेल. लखनौला आले आणि खरोखरच भिंत मिळाली. मुलाची रेल्वेत नोकरी, मानक नगरच्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. माझे गुडघे असे की खाली उतरायचं म्हणजे आधी मनाची तयारी, मग चपला. आमचे हे गेल्यावर मुलगा न्यायला आला. "आई, इथे एकटी काय करशील?" असं त्याने तेव्हा विचारलं होतं. लखनौला मी काय करते, ते मात्र त्याने अजून विचारलेलं नाही.

घरात नात आहे, अकरावीतली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. "भूक लागली का गं?" "नहीं आजी, बाद में." "केस किती गळतायत, तेल लावू का?" "अरे यार आजी, छोड़ो ना." बिचारी वाईट नाही हो. सकाळी शाळा, दुपारी कोचिंग, संध्याकाळी कोचिंगचा अभ्यास. तीही माझ्यासारखीच. माझ्या दाराबाहेर जिने, तिच्या दाराबाहेर फिजिक्स.

त्या पोरीला एकच वेड होतं. शाळेतल्या मुलांसाठी भाषेच्या कोड्यांची स्पर्धा असते म्हणे. मला आधी वाटलं म्हणी-उखाणे असतील, तर मी सांगेन की चार. तर तसं काही नाही. पेपरात भलत्याच कुठल्या तरी भाषेतली वाक्यं देतात, कुठल्या बेटावरची नाहीतर डोंगरातली. समोर त्यांचे अर्थ. ते ताडून बघायचं, त्या भाषेत कुठला शब्द कुठे बसतो ते आपलं आपण हुडकायचं, आणि मग नवी वाक्यं करून दाखवायची.

"अगं, पण ती भाषा येत नसेल तर?" मी विचारलं.

"किसी को नहीं आती, आजी. आनी भी नहीं चाहिए. वही तो मज़ा है."

"म्हणजे कुणी शिकवायचं नाही, आपणच कान देऊन ओळखत बसायचं? मग हे तर माझं लखनौच झालं की!"

एवढी हसली. तेव्हापासून कोचिंगमधून आली की पाच मिनिटं माझ्या पलंगावर पाय वर घेऊन बसायची आणि एखादं कोडं सांगायची. मला त्यातलं काय कळायचं? डोंबल. पण पाच मिनिटं कुणीतरी आपल्याशी बोलतंय, तर समजत नाही म्हणून कोण उठवेल?

मुलाला मात्र ते पटत नव्हतं. तो वाईट बाप नाही, घाबरट आहे. जेवताना त्याने तिला सरळ सांगितलं, "हे बघ, या राउंडमध्ये निवड झाली तर तू त्यांच्या ट्रेनिंग कॅम्पला जा, मी स्वतः सोडायला येईन. नाही झाली तर हे सगळं बंद. मग फक्त कोचिंग. डन?" ती ताटात बघत "डन" म्हणाली. आमच्या घरात मुलाने 'डन' म्हटलं की विषय मिटतो.

तर त्या पेपरचा दिवस. पेपर घरूनच, प्रश्न कॉम्प्युटरवर, उत्तरं कागदावर. कॅमेरा चालू, माइक चालू, आणि कुठूनशी एक मॅडम बघत बसणार. घरात आवाज नको म्हणून मुलगा आणि सून तेलीबागेत बाजाराला निघाले. मला हुकूम झाला, तळमजल्यावरच्या मिश्राइनबाईंकडे जाऊन बसायचं. मिश्राइन असं आपलं मीच म्हणते हो, खरं आडनाव वेगळंच आहे. "तुम्ही व्हा पुढे, मी सावकाश उतरते," मी म्हटलं. नात आंघोळीला गेलेली होती.

आता घरातून निघायचं, तर वाळवण बघून जायला नको? थंडी ओसरायला लागली होती, ऊन छान पडत होतं, म्हणून मी मूगडाळीचे सांडगे घातले होते. नातीच्या खोलीला लागून बाल्कनी आहे, तिथे. म्हटलं, उलटून टाकावेत आणि जावं. दाराआड वेताच्या बुटक्या मोड्यावर टेकले, एकेक सांडगा उलटू लागले. नात खोलीत आल्याचं कळलं. मी हाक मारणार, तेवढ्यात बाल्कनीचं दार लोटलं गेलं आणि कडी लागली. तिची काही चूक नाही. माकडांच्या भीतीने आमच्याकडे त्या दाराची कडी दिसली की लावायची, अशी सगळ्यांच्याच हाताला सवय आहे. पडदा ओढल्याचाही आवाज आला.

मी उठून दार वाजवणार होते. गुडघ्यांना उठायला वेळ लागला, तेवढाच. तोवर आतून बाईचा आवाज आला, "कमरे में आपके अलावा कोई है?"

"नो मॅम."

"पूरे पेपर में कोई दिखा, या किसी की आवाज़ आई, तो पेपर वहीं बंद कर देंगे. ठीक है, बेटा?"

"यस मॅम."

माझा वर गेलेला हात तसाच खाली आला. आता दार वाजवलं तर पोरगी खोटी ठरणार, पेपर बंद, आणि मुलाचं ते 'डन'. मी पुन्हा मोड्यावर बसले. तोंडात पदराचा बोळा धरला, म्हणजे चुकून शब्द निघायला नको. माझा माझ्यावर भरवसा नाही.

तीन तासांचा पेपर. पुढे लोखंडी कठडा, मागे बंद दार, मध्ये मी आणि सांडगे. फोन आत पलंगावर. पाणी नाही. आणि पाणी नाही तेच बरं, असं थोड्या वेळाने वाटायला लागलं. या वयात बाथरूमची घाई हीही एक घड्याळाची टिकटिक असते, बायकांना सांगायला नको.

मिश्राइनबाई चहा ठेवून वाट बघत असणार, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. त्या खाली अंगणात येऊन वर बघायला लागल्या. "अम्मा जी! आइए ना, चाय उबल रही है!"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"क्या हुआ? गला ख़राब है? ऊपर आऊँ?"

वर आल्या असत्या तर घंटी वाजवल्याशिवाय राहिल्या नसत्या. मी दोन्ही हात हलवून नको नको केलं, पुन्हा ओठांवर बोट, मग काही सुचेना म्हणून आकाशाकडे बघून हात जोडले. बाईंचा चेहरा एकदम उजळला.

"अच्छा, मौन है आपका! हमारे यहाँ तो मौनी अमावस्या निकल गई. महाराष्ट्र में अब होती होगी." त्यांनी मला भक्तिभावाने नमस्कार केला आणि आवाज हळू करून म्हणाल्या, "हम किसी को बोलने नहीं देंगे आपसे." आणि गेल्या. इकडे त्या अमावस्येला लोक मौन पाळतात, गंगेवर जातात. मी जन्मात पाळलं नव्हतं. त्या दिवशी घडलं, तेही सक्तीने.

मग नुसतं ऐकत बसणं. ऊन सरकत होतं तशी मी मोडा सरकवत होते, आवाज न करता, उचलून. आत खुर्ची कुरकुरली की पोर अडली, पेन भराभर चाललं की वाट सापडली, एवढं मला कळायला लागलं. एकदा बराच वेळ काहीच ऐकू येईना. आणि मग ती पुटपुटली.

"अगं बाई, हे कुठून आलं मध्येच? थांब, थांब. आधी सारखं सारखं बाजूला काढ."

मी दाराला कान लावला. मराठी! पोरगी एकटी असताना मराठीत बोलत होती, आणि तेही माझं. मेथी निवडताना मी तिला लहानपणी असंच म्हणायचे. सुट्टीत मिरजेला यायची तेव्हा. मला वाटायचं तिच्या कानात काही शिरतच नाही.

तेवढ्यात मॅडम कडक आवाजात, "किससे बात कर रही हैं आप?"

"खुद से, मॅम. सॉरी."

"मन में पढ़िए. यह आख़िरी वॉर्निंग है."

मी पदराचा बोळा आणखी आत कोंबला. आणि बघा, संकटं काय एकेकटी येतात? कठड्यावर माकड येऊन बसलं. चांगलं थोराड, लाल तोंडाचं. माकडं हाकलायची काठी स्वयंपाकघरात. त्याने माझ्याकडे पाहिलं, सांडग्यांकडे पाहिलं. मी डोळे वटारले. इकडच्या माकडांना डोळे वटारल्याचं काय? त्याने खाली उतरून मूठ भरली, तोंडात कोंबली, दुसरी भरली. दोन दिवस खपून वाटलेली-कालवलेली डाळ माझी, आणि मी पदर तोंडात धरून बघतेय. वास्तविक एक आरोळी पुरली असती. घशापर्यंत आलेली मी गिळली. खा बाबा, म्हटलं मनात, तुझ्या बापाचं आहे.

तर त्याने काय करावं? कडेचं स्टीलचं ताट ओढलं. ताट घरंगळत दारावर आपटलं, हा असा खणखणाट! आणि माझ्या तोंडून पदर सुटला.

"हाड!"

एकच शब्द. पण गेला तो गेला.

आत सगळं थांबलं. मॅडम म्हणाल्या, "यह कैसी आवाज़ थी?"

मी दाराकडे पाठ करून डोळे मिटले. ज्याच्यासाठी पोर वर्षभर पाच-पाच मिनिटं चोरत होती, ते मी एका माकडापायी घालवलं असं वाटलं.

"मॅम, बालकनी में बंदर है," नात म्हणाली. खोटं नव्हतं ते. बंदर होतंच, अजून खातच होतं.

"ओह. हमारे यहाँ भी बहुत परेशान करते हैं. कंटिन्यू कीजिए."

पण तिचं पेन लगेच चाललं नाही. कारण माकड 'हाड' म्हणत नाही, हे तिला माहीत. मी बाहेर आहे हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तिला कळलंय हे मला कळलं. मध्ये दार, आणि दोघींनी गप्प बसायचं. खूप वेळाने पेन सुरू झालं. आधी हळू, मग जोरात.

शेवटी मॅडमनी वेळ संपल्याचं सांगितलं. मी कडी निघायची वाट बघत उभी राहिले. कडी निघेना. आतून नातीचा आवाज आला, जरा कापरा. "मॅम, एक बात बतानी है. बंदर था, पर मेरी दादी भी हैं बालकनी में. शायद शुरू से. मुझे बीच में पता चला. मैंने दरवाज़ा नहीं खोला."

अगं कशाला! मी मनात ओरडले. झालं होतं ना सगळं व्यवस्थित. कुणाला दिसलं नव्हतं.

पडदा सरकला, दार उघडलं, तिने कॉम्प्युटर उचलून माझ्याकडे वळवला. पडद्यावर चष्मा घातलेली एक तरुण पोरगी, माझ्या सुनेपेक्षा लहान. माझ्या पायाशी रिकामं वाळवण, केसांत डाळीचा चुरा.

"दादी जी, आपने इनसे कुछ कहा?"

"बेटा," मी म्हटलं, "मैंने इतने घंटे में सिर्फ़ बंदर से बात की. वो भी एक शब्द. मेरी पूरी ज़िंदगी में ऐसा नहीं हुआ. आप मेरे बेटे से पूछ लो." आणि पुढचं बोलणं सोडून मी आधी बाथरूम गाठली. माफ करा, पण माणसाने किती धरायचं?

मॅडमनी सगळं वर कळवते, ते ठरवतील, असं सांगितलं. मुलगा आल्यावर भडकला. "तुला कुणी सांगितलं होतं बोलायला? कुणाला कळलं असतं?" आणि माझ्याकडे वळून, "आई, तूपण ना! सांडगे काय पळून चालले होते?" पळूनच गेले होते, पण ती वेळ बोलायची नव्हती. नात एवढंच म्हणाली, "पापा, मैंने बोला था कोई नहीं है. था." आणि कोचिंगची बॅग घेऊन निघून गेली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. ती पलंगावर येऊन बसायची, कोडं सांगायची नाही. "माझ्यामुळे झालं गं," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "आजी, प्लीज़." बाल्कनीचं दार दिसलं तरी मी मान फिरवायची. मी तिकडे जायचीच बंद झाले. म्हणजे हिंडायला बाल्कनी धरून साडेतीन खोल्या होत्या, त्यातली अर्धी मी आपणहून कमी केली.

मग एका दुपारी ती शाळेतून आली ती जिन्यातूनच ओरडत. तिचा पेपर त्यांनी ग्राह्य धरला होता. निवड झाली होती. संध्याकाळी मुलाने ती ईमेल दोनदा वाचली, चष्मा पुसला, आणि म्हणाला, "डन म्हणजे डन." कॅम्पला सोडायला स्वतः गेला.

पण जायच्या आधी त्याने एक काम केलं. माणूस बोलावून बाल्कनीला वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी ठोकून घेतली. "आई, आता कसली भीती नाही. खुशाल बस." प्रेमाने केलंन हो. जाळीतून आभाळ चौकोनी चौकोनी दिसतं.

काल नातीचा कॅम्पवरून फोन आला. "आजी, कुठे आहेस?" मराठीत! मी काही दाखवलं नाही, नाहीतर लाजून परत हिंदीत गेली असती.

"कुठे असणार? पिंजऱ्यात."

"मी पण. इथे गेट के बाहर सोडतच नाहीत," ती म्हणाली, पण इतकी खुशीत की मला मेलीचा हेवाच वाटला. "सांडगे परत घातलेस?"

घातले. माकड रोज येतं, जाळीला धरून बसतं. ते बाहेर, मी आत. मी सांडगे उलटते आणि त्याला घरातलं सगळं सांगते, कॅम्पचं, जाळीचं, गुडघ्यांचं. मराठीतच. ते हिंदीत उत्तर देत नाही, एवढं बरं आहे.