हात वर केले आणि सगळ्या बाया बांधावर आल्या

मैत्रिणींनो, आज सकाळी दिग्रसजवळच्या आमच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. हल्ली माझी कंबर धरते. डॉक्टरांनी बजावलंय, अधूनमधून सरळ उभं राहून हात वर ताणा, सावकाश श्वास घ्या, नाहीतर शेतात जाणं बंद. शेत मक्त्याने द्यायची माझी तयारी नाही. म्हणून बांधावर उभी राहिले, डोळे मिटले, दोन्ही हात वर केले.

डोळे उघडले तर वेचणाऱ्या सगळ्या बाया समोर. बांधावरून हात वर केले की जेवायची सुट्टी, ही आमचीच पद्धत मी विसरले होते.

"काहून बोलावलं बाई? आताच तं आलो," शांताबाई म्हणाली.

"बोलावलं नाही. कमरेचा व्यायाम करत होते."

"मंग आमची कंबर का लोखंडाची हाये?"

मी म्हटलं, आल्याच आहात तर कमरेला बांधलेला कापूस उतरवा आणि हात वर करा. सगळ्यांनी हात वर ताणून सावकाश श्वास घेतला.

नंतर दुपारी शांताबाईनेच आपल्या ओळीतून हात वर केले, आणि सगळ्यांबरोबर मलाही सरळ व्हावं लागलं.

आमच्या शेतात जेवायची खूण आहे, पाण्याची आहे. पाठ सरळ करायची आजवर नव्हती. तुमच्या कामात आहे का?