वाणात आलेली पॉलिसी

नवरा गेल्यावर आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. संक्रांतीत बायका नटून जिन्यावरून जायच्या, मी दार लोटून घ्यायचे. मग त्याच्या कंपनीतून फंडाचे पैसे आले, आणि त्याच संक्रांतीला दुसऱ्या मजल्यावरची वहिनी दारात उभी. "आता कोण मानतं गं असलं? तू यायचंस. मी लावते कुंकू."

तिने खरंच लावलं, सगळ्यांसमोर. माझे डोळे भरले. वाण म्हणून स्टीलचा डबा दिला. बायका गेल्यावर मला थांबवून पुन्हा चहा टाकला.

"पैसे बँकेत ठेवलेस? तिथे काय वाढणार, डोंबल? माझ्याकडे एफडीसारखंच आहे, जास्त मिळतं."

मी सांगितलं, पैसे पोरीचे आहेत. बारावी झाली की जूनमध्ये नर्सिंगला लागतील. तिने मान डोलावली. मी चौथी शिकलेली. वाचता येतं, पण ते बारीक छापलेलं नाही. आणि कपाळावर ओलं कुंकू असताना त्याच बाईला "वाचून दाखवा" कसं म्हणायचं? सही केली. फॉर्मवर पत्ता, मोबाइल नंबर तिने स्वतःचाच टाकला. पॉलिसी आली तीही तिच्याच कपाटात राहिली. "तुझ्याकडे गहाळ होईल गं."

जूनमध्ये पैसे मागायला गेले, तर हसली. "अगं वेडे, पाच वर्षं निघत नाहीत ते. आणि जानेवारीत पुढचा हप्ता भरायचाय, लक्षात ठेव."

मुलीने वहिनीकडून कागद आणून वाचला. "आई, हा विमा आहे. पैसे शेअरबाजारात लावलेत. पटलं नसतं तर सुरुवातीच्या दिवसांत परत करता आलं असतं." ते दिवस वहिनीच्या कपाटात गेले. पोरीची सीट गेली. ती मॉलमध्ये बिलं फाडायला लागली.

मग पोळ्या लाटता लाटता तिच्याकडून शिकले. पैसे कधी लागणार ते आधी ठरवायचं. लवकर लागणारे बाजारात लावायचे नाहीत. सगळे एका जागी नाहीत. जास्त मिळेल म्हणणाऱ्याला विचारायचं, बुडाले तर किती? आणि यात तुम्हाला कमिशन किती सुटतं? यातलं काय चौथीच्या बाईला कळलं नसतं? वहिनीला सांगायचंच नव्हतं. डोकं भणभणतं आठवलं की.

यंदा वहिनीने पुन्हा बोलावलं. गेले. शेजारी चौथ्या मजल्यावरची बाई अंग चोरून बसली होती. दिवाळीत तिचा नवरा गेला. कपाळावर ताजं कुंकू, डोळे भरलेले. वहिनी तिला म्हणाली, "तू थांब गं जरा." मीही थांबले.

"तुला काय हवंय?" वहिनीने मला विचारलं.

"हिला 'एफडीसारखं' सांगू नका. विमा म्हणा. पाच वर्षं निघत नाहीत, ते आज सांगा. कागद हिच्या घरी जाऊ दे." माझा आवाज फाटला होता. आयुष्यात चार बायकांत एवढं बोलले नव्हते.

"कुंकवाच्या दिवशी असलं बोलतात?"

"तुम्हीच बोललात. गेल्या संक्रांतीला."

ती बाई उठलीच. वाणाचा डबा तिथेच ठेवून माझ्याबरोबर बाहेर पडली.

घरी मुलगी मॉलमधून येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. "बोललीस?"

"बोलले."

जूनमध्ये तिचा फॉर्म पुन्हा भरायचाय. फी कुठून आणायची ते अजून माहीत नाही.