आभाळभर बोंबील

भावोजींना मी शेवटचा भेटलो तो हॉस्पिटलमध्ये, त्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. मी त्यांना धीर द्यायला गेलो होतो. माझा धीर देण्याचा लौकिक असा, की घरात कुणाला ताप आला तरी आधी मला पाणी देऊन खुर्चीत बसवतात. भावोजींनीही मला बघताच स्टूल पुढे सरकवायला लावलं. "बसा दिलीपराव. घाम पुसा. ऑपरेशन माझं आहे." मग माझी बहीण, म्हणजे ताई, औषधं आणायला खाली गेलीय याची खात्री करून घेऊन त्यांनी आवाज उतरवला. "लॅपटॉपवरच्या त्या गेममध्ये 'सैल' नावाची एक फाईल आहे. ती बंद पडता कामा नये. आणि तुमच्या ताईला तिच्याबद्दल कळता कामा नये."

हृदयाची झडप बदलायची आहे आणि हा माणूस व्हिडिओ गेमचं बोलतोय... मी म्हटलं, "भावोजी, आत्ता काय गेमचं घेऊन बसलात?" "आत्ताच बोललं पाहिजे. उद्या भूल देणार आहेत," ते शांतपणे म्हणाले. ऑपरेशन झालं, पण भावोजी त्यानंतर नीट शुद्धीवर आलेच नाहीत. ऐन श्रावणात गेले. आणि स्मशानातून परत येताना, बाकीचे रडत असताना, माझ्या डोक्यात ती फाईल किड्यासारखी वळवळत होती. माझ्यासारख्या माणसावर गुपित सोपवणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. भावोजींना हे माहीत होतं. पण त्यांच्याजवळ दुसरी घागर नव्हती.

हे सगळं सुरू झालं ताईच्या हातापासून. चार वर्षांपूर्वी तिला पॅरालिसिसचा झटका आला. ती चालायला लागली, बोलायला तर कुणी न सांगता लागली, पण उजवा हात मात्र रुसून बसला. बोरिवलीच्या त्यांच्या घरी फिजिओथेरपीची मुलगी यायची, हातात एक रबरी चेंडू द्यायची आणि "काकू, दाबा" म्हणायची. त्या चेंडूवर हसरा चेहरा छापलेला होता. ताई म्हणाली, "हा माझ्याकडे बघून हसतोय. याला आधी घराबाहेर काढा." हात पदराखाली मांडीवर ठेवून ती दिवसदिवस बसून राहायला लागली. बोटं आखडत चालली होती. फिजिओने भावोजींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की हात असाच राहिला तर तो असाच राहील.

भावोजी आयुष्यभर अंधेरीच्या एका छापखान्यात फोटो सुधारायचं काम करत. कुणाचे पिवळे दात पांढरे कर, कुणाच्या साडीचा डाग घालव. निवृत्तीनंतर माळा आवरताना त्यांना मुलाचा, आमच्या विनयचा, टीव्हीला जोडायचा जुना गेमचा डबा सापडला. डबा केव्हाच मेला होता, पण त्यातली मासे धरायच्या गेमची डिस्क ठणठणीत होती. आता बंगळुरूला नोकरी करणारा विनय फोनवर म्हणाला, "बाबा, एम्युलेटर टाका." एम्युलेटर म्हणजे असा प्रोग्रॅम, जो लॅपटॉपला त्या मेलेल्या डब्याचं सोंग घ्यायला लावतो. लॅपटॉपने सोंग झकास वठवलं. ताईच्या हातात रिमोट आला, पडद्यावर परदेशातलं तळं आलं, आणि ताईने पहिला मासा बघून विचारलं, "हा कुठला? हा आपण खातो का?" नाही म्हटल्यावर तिने रिमोट खाली ठेवला.

दुसरा कुणी इथे थांबला असता. भावोजींनी शोधून काढलं की गेममधलं प्रत्येक चित्र वेगळं काढून घेता येतं, आणि त्याच नावाचं आपलं चित्र ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवलं की गेम मुकाट्याने ते दाखवतो. याला मॉड म्हणतात. झालं, भावोजी सकाळी उठून वर्सोव्याच्या बंदरावर माशांचे फोटो काढायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी एका कोळणीने विचारलं, "घेवाचा हाय का निस्ता फोटू काराचाय?" भावोजी भिडस्त. ज्याचा फोटो काढला तो मासा त्यांनी विकत घेतला, आणि पुढे तोच नियम झाला. त्या काळात त्यांचे सगळे मॉड आधी कढईत शिजायचे आणि मग गेममध्ये जायचे. मीही रविवारी मुलुंडहून दोन बस बदलून, तांत्रिक मदत करण्याच्या नावाखाली जाऊन जेवत असे.

सुरमई झाली, पापलेट झालं, हलवा झाला. होडी निळी झाली. तळ्याच्या काठावर तिवरं उगवली. एकदा बोंबलाचं चित्र चुकून आभाळाच्या नावाने सेव्ह झालं आणि गेम उघडला तर आभाळभर बोंबील... ओळीने लटकलेले, क्षितिजापर्यंत. भावोजी ओशाळून ते काढायला धावले. ताई आजारपणानंतर पहिल्यांदा ठसका लागेपर्यंत हसली. "राहू दे हो. बांबूच्या वलांडीवर सुकत घातलेत." ते बोंबील कायमचे राहिले. फक्त श्रावणात उतरायचे. कारण ताई श्रावण पाळायची, आणि "गेममधला मासा म्हणजे मासा नव्हे" हे तिला कुणीही पटवून देऊ शकलं नव्हतं. म्हणून भावोजींनी 'श्रावण' नावाचा खास मॉड केला. तो लावला की गळाला शिराळं, दुधी, पडवळ लागायचं आणि आभाळ मोकळं व्हायचं. मॉड एकावर एक चढवता येतात, आणि जो शेवटी चढतो त्याचं चालतं, असं ते मला समजावायचे. "घरातल्यासारखंच, दिलीपराव. शेवटी बोलेल त्याचं खरं." त्यांचा दुसरा नियम होता, कशालाही हात लावण्याआधी अख्ख्या फोल्डरची कॉपी काढायची. हा एवढाच नियम माझ्या डोक्यात शिरला, कारण तो घाबरटांसाठीच केलेला आहे.

आणि मग ती 'सैल'. त्या गेममध्ये मासा लागला की बटण भराभर दाबावं लागतं, नाहीतर दोरी तुटते. ताईची बोटं भराभर चालत नव्हती. म्हणून भावोजींनी कुठून तरी शिकून एक छोटीशी फाईल बनवली. तिच्यात एकच आकडा होता, मासा किती जोराने ओढेल त्याचा. शंभर म्हणजे मूळ गेममधला खरा मासा. भावोजींनी सुरुवात दहावर केली, आणि ताईचा हात सुधारेल तसा तिला न सांगता तो आकडा एकेक पायरी चढवत नेला. ताई फिजिओला ऐटीत सांगायची, "काल एवढी सुरमई ओढली." फिजिओ म्हणायची, "काकू, वा." आणि भावोजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहायचे.

ते गेल्यावर लॅपटॉप मिटला तो मिटलाच. ताईचा हात पुन्हा पदराखाली गेला. दिवसकार्य झालं, श्रावण संपला, त्या वर्षी त्यांच्याकडे गणपती येणार नव्हतेच, तो काळही गेला. मी जायचो, समोर बसायचो, तिची बोटं बघायचो. परत आखडायला लागली होती. फिजिओने मला जिन्यात गाठून सांगितलं, "मामा, चार वर्षांची मेहनत आहे. काहीतरी करा." करा म्हणजे काय करा... मला झोप येईना. आणि एका रविवारी ताई आपणहून म्हणाली, "परवा जरा उघडलं होतं ते. बाजारात सुरमई आली तरी माझ्या गळाला शिराळंच लागतंय. श्रावण काढ रे तेवढा."

मला आनंदाने घाम फुटला. मग भीतीने फुटला. लॅपटॉप उघडला, आधी कॉपी काढली. 'श्रावण' बाजूला केला. एवढ्यात पडद्यावर एक चौकट उगवली, एम्युलेटरचं नवीन व्हर्जन आलंय, घ्यायचं का? माझा स्वभाव असा की कुणी नम्रपणे विचारलं की मी हो म्हणतो. अशानेच माझ्याकडे तीन विमा पॉलिसी आहेत. मी हो म्हटलं. यंत्राने थोडा विचार केला आणि गेम उघडला.

निळी होडी नव्हती. तिवरं नव्हती. नव्या व्हर्जनने भावोजींचे सगळे मॉड एका फटक्यात बंद केले होते, आणि समोर होतं ते परदेशी तळं, करड्या काठाचं. ताई पुढे वाकली. "हा कुणाचा गेम?"

"हाच. म्हणजे मूळचा. थांब, मी बंद करतो, नीट करतो..."

"राहू दे." ती बराच वेळ बघत होती. "आभाळ बघ रे. काहीच नाही त्यात." मग म्हणाली, "मी समजत होते, दोन-चार मासे बदललेत ह्यांनी. हे तर सगळंच..." आणि तिने रिमोट उचलला.

मॉड बंद, म्हणजे 'सैल'ही बंद. पाण्यात खरा शंभराचा मासा होता. "ताई, आज नको. बटणं बदललीत बहुतेक."

"दिल्या, गप्प बस जरा."

मासा लागला. दोरी तुटली. तिने पुन्हा गळ टाकला. पुन्हा तुटली. मी मनात फिजिओची, विनयची, हॉस्पिटलमधल्या त्या पलंगाची माफी मागत होतो. तिसऱ्या वेळी तिने ओठ आवळून बटण दाबलं, मनगट थरथरायला लागलं, मासा काठापर्यंत आला आणि तिथे तुटली. ताईने रिमोट ठेवला आणि डाव्या हाताने उजवा चोळत विचारलं, "किती ठेवली होती ह्यांनी?"

"काय किती?"

"सैल."

मी कॅलेंडर बघायला लागलो. त्या भिंतीचा गुणच तो असावा.

"तिकडे काय बघतोस? लहानपणी मी आबांबरोबर खाडीत गळ घेऊन गरवायला जायचे. तू होडीत ओकायचास, म्हणून तुला माहीत नाही." आबा म्हणजे आमचे वडील. गोष्ट गळाशी आली की ताईची भाषा मालवणी होते. "सुरमय अशी येता काय रे? पाळलेल्या मांजरासारखी?"

"म्हणजे तुला पहिल्यापासून..."

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ह्यांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं. डोकं कमी होतं का? आणि मासा वर आला की हे स्वयंपाकघरातून यायचे ना बघायला. हातात गाळणं, चहा फरशीवर ठिबकतोय... ते बघायला मी ओढायचे."

मी विनयला फोन लावला. तो तिकडून सांगत गेला, मी इकडे नव्या व्हर्जनला जुना फोल्डर दाखवत, एकेका मॉडवर टिक करत गेलो. होडी निळी झाली. तिवरं आली. पाण्यात हलवा फिरायला लागला. ताई प्रत्येक वेळी नुसती मान हलवत होती, घरी एकेक माणूस परतल्यासारखी. बोंबील लटकले तेव्हा मात्र तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मी फोनवर विनयला उगाचच "आवाज कटतोय, आवाज कटतोय" म्हणत राहिलो.

शेवटी 'सैल' उघडली. "किती आहे?" ताईने विचारलं.

"शंभरातले पंचेचाळीस."

"पंचेचाळीसच?" ती खरोखर दुखावली होती. "मला वाटलं साठ तरी असेल. घाबरट माणूस. पन्नास कर."

"दुखेल गं."

"कर म्हटलं ना."

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलंय. दर रविवारी जातो, कॉपी काढतो, आकडा एक-दोनने वाढवतो आणि पुढची पाच-दहा मिनिटं श्वास धरतो. जास्त वाढवला आणि दोरी तुटत राहिली, तर ती हात पुन्हा पदराखाली नेईल. कमी वाढवला तर तिला कळतं, आणि मला शिव्या बसतात. भावोजी चार वर्षं ही काळजी एकट्याने वाहत होते, आणि मला ते नुसते चहा करताना दिसायचे.

गेल्या रविवारी आकडा अठ्ठावन्न होता. मोठा मासा लागला. ताईचं मनगट थरथरायला लागलं, कोपर वर आलं, कपाळावर घाम. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. न राहवून म्हणालो, "ताई, कमी करू का?"

तिने पडद्यावरची नजर काढली नाही. "मागे हो मेल्या. मानेवर श्वास सोडतोयस."

मी एक पाऊल मागे झालो.

"अजून मागे. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. तिथे जा."

मी जाऊन तिथे उभा राहिलो. तिथून पडदा नीट दिसत नाही. ताईचा हात दिसतो.